बोट परत, माणसं सात

लोकरे सरांचं गणित बरोबर होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ऑफिसात सगळ्यांचा असा समज आहे, की हेमांगी कोयंडेला गणित कळत नाही, तिला फक्त भांडता येतं. मला दोन्ही येतं. आणि बरोबर गणिताशी भांडायला जास्त जोर लागतो, हेही मला ठाऊक आहे.

आमच्या ‘सागरसाद’चं काम सांगायला सोपं आहे. समुद्र तापल्यापासून वादळं महिन्याआड येतात आणि पूर्वीसारखी दोन दिवस आधी वर्दी देत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार बोटीवर एक डबा बसवलेला आहे आणि बोटीवरच्या प्रत्येक माणसाच्या मनगटाला एक पट्टा. पट्टा माणसाचं नाव, नाडी, अंगाची ऊब आणि ओला की कोरडा, एवढंच ओरडत राहतो. दीड-दोन मैलांत असलेल्या डब्याला ते ऐकू येतं. डबा बोटीच्या तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, वाट दाखवतो, उपग्रहाशी बोलतो आणि उपग्रह टेकडीवरच्या आमच्या नियंत्रण कक्षाशी. वादळ उठलं की कोण कुठे आहे ते आम्हाला कळावं आणि बचाव जहाज तिकडे धाडता यावं, एवढाच सगळा खटाटोप.

याची पहिली रचना माझी होती. आमच्या धंद्यात ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे खऱ्या जगातल्या एखाद्या गोष्टीचा संगणकातला प्रतिनिधी. त्याला प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर द्यायचं. मी प्रत्येक माणसाचा वेगळा ऑब्जेक्ट केला होता. तू कोण? कुठे आहेस? पट्टा कोरडा की ओला? नाडी किती? अंग गार पडलंय का? असे पाच प्रश्न, प्रत्येक माणसाला सुटे सुटे. टेबलावरच्या संगणकात हे सगळं झुळझुळ चालायचं, आणि मी स्वतःवर खूष होते.

मेख अशी, की संगणकाच्या आतल्या आत प्रश्न विचारायला काही वेळ लागत नाही, पण तोच प्रश्न उपग्रहावरून समुद्रातल्या बोटीला विचारला की एक सेकंद जातो. आणि प्रोग्राम लिहिताना दोन्ही प्रश्न अगदी सारखे दिसतात. एकेक ओळ. जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं, हे ओळीकडे बघून कळतच नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवरून हळद, मीठ, साखर एकेक करून काढली तर कोणी हसत नाही. त्याच तीन जिनसांसाठी कोणी कुडाळच्या बाजारात तीन वेगळ्या खेपा घातल्या तर घरचे त्याला वेड्यात काढतील. मी तेच केलं होतं, आणि खेपा सत्तर हजार होत्या.

दोन हजार बोटी, बोटीमागे सात माणसं, माणसामागे पाच प्रश्न. एका वेळी वीसच प्रश्न आकाशात जाऊ शकतात. वादळाच्या रंगीत तालमीत सगळ्या किनाऱ्याची खबर यायला जवळजवळ तास लागला. बुडणारा माणूस तासभर थांबत नाही.

“हेमांगी,” लोकरे सर म्हणाले, “तुझं पीठ फार बारीक आहे. उडून जातंय. भरड दळ.”

अनिरुद्ध लोकरे आमच्या संस्थेचे मुख्य रचनाकार. हुशार माणूस, आवाज कधी चढवत नाही, आणि म्हणून त्यांच्याशी भांडताना आपणच अडाणी दिसतो. त्यांनी माणसांचे ऑब्जेक्ट काढून टाकले आणि बोटीचा एक ऑब्जेक्ट केला. बोट बंदरातून निघताना तिच्यावर कोण कोण आहे त्याची नोंद होणार. मग समुद्रात डब्याला एकच प्रश्न विचारायचा, आणि डब्याने सगळं एका दमात सांगायचं: बोट कुठे आहे, माणसं किती आहेत. सत्तर हजार खेपांच्या दोन हजार झाल्या, आणि तासाची दोन मिनिटं. बैठकीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण ते खरोखर चांगलं काम होतं.

मग मी विचारलं, “सर, समुद्रात माणूस बोट बदलतो त्याचं काय?”

“समुद्रात कोण बोट बदलतं?”

“आमच्याकडे सगळेच.”

मी आडबंदरची. आमच्याकडे एक रीत आहे. कोणाच्या जाळ्यात मासळी दाटली आणि ओढायला माणसं कमी पडली, की जवळची बोट आपला एक माणूस त्या बोटीवर चढवते. याला हात उसना देणं म्हणतात. तो माणूस तिथेच राबतो, त्याच बोटीतून परत येतो आणि त्याच बोटीच्या मासळीतला वाटा घेतो. परतफेड पुढच्या महिन्यात नाहीतर पुढच्या मोसमात होते. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही.

लोकरे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मग बदल झाला की तांडेलाने डब्यावरचं बटण दाबून नोंद करावी,” ते म्हणाले. “नियम करून टाकू.”

नियम झाला. तो समजावून सांगायला मलाच आडबंदरला पाठवलं. माझा धाकटा भाऊ सर्वेश किनाऱ्यावर जाळं पसरून बसला होता. त्याने माझं सगळं ऐकलं आणि सुतळी दातांनी तोडत म्हणाला, “ताय, जाळ्यात बांगडो उसळता तेव्हा माणूस उडी मारून जाता. थंय उभो रवान बटणा कोण दाबतलो? तुझो सायब येतलो?”

“मगे पट्टो तरी कित्याक घालतंस?”

“तू सांगतंस म्हणान,” तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याला लागला.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या गावात मान डोलावणं म्हणजे तुमचं ऐकून घेतलं, एवढाच अर्थ असतो. मी परत येऊन बैठकीत सांगितलं, की हे लोक बटण दाबणार नाहीत, तेव्हा माणूस हा बोटीचा भाग धरू नका. लोकरे सर म्हणाले, “लोकांच्या सवयी बदलतात. उपग्रहाचा वेग बदलत नाही.” त्यांचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्या दिवशी मी हरले, आणि घरी जाऊन ताटलीतला भात तसाच ठेवला, एवढा राग आला होता.

वादळ आलं ते दिवाळी संपल्यावर, भर दुपारी. सकाळी आकाश स्वच्छ होतं. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून भिंत उभी राहावी तसं काळं झालं आणि वारा सुटला. आम्ही सगळ्या बोटींना परतीचा आदेश दिला. लोकरे सरांची रचना सुरेख चालली, हेही मी सांगणार. दोन मिनिटांत सगळा किनारा पडद्यावर दिसत होता. उत्तरेला एक ट्रॉलर कलंडला होता, त्याच्यावर अकरा जण. बचाव जहाज तिकडे निघालं. दक्षिणेला एकामागून एक बोटी हिरव्या होत होत्या. बोट परत, माणसं सात. बोट परत, माणसं सहा. कक्षात कोणीतरी चहा मागवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दर्शना, सर्वेशची बायको.

“हेमाताय, ते अजून इले नाय गो. बोट कधीच लागली, सगळे घराक गेले. आनि माज्या फोनार तुमच्या हापिसाचो निरोप इलो. सर्वेश कोयंडे सुखरूप बंदरात.” तिचा आवाज फाटत होता. “खंयच्या बंदरात, ताय? मी बंदरातच उभी आसंय.”

मी पडद्यावर बघितलं. बोट परत, माणसं सात. सातातलं एक नाव सर्वेशचं. डबा मोजून बोलत नव्हता. एखादा पट्टा ऐकू आला नाही तर डब्याने गप्प बसायचं, असं ठरलं होतं, कारण मासळीच्या खणात उतरलेल्या माणसाचाही पट्टा ऐकू येत नसे आणि मग खोट्या हाका फार व्हायच्या. बोट धक्क्याला लागली की तिची सगळी माणसं आली, असं धरून चालायचं. बोटीचा भाग बोटीबरोबरच येणार ना!

सर्वेशच्या तांडेलाला फोन लावला. तो घरी पोचला होता. “सर्वेश? तो पास्कूच्या बोटीर आसा,” तो निवांतपणे म्हणाला. “दुपारी हात दिलो. इलो नाय काय?”

पास्कू फर्नांडिस म्हणजे आमच्या शेजारवाडीतला तांडेल, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याची बोट पडद्यावर पिवळी होती. समुद्रातच. मी वायरलेस उचलला.

“हेमा!” खरखरीतून त्याचा आवाज आला. “तुझो भाव माझ्या बोटीर होतो. जाळा कापताना लाटेन नेलो तेका. अंगात जॅकेट होता. मी मदतीचा तांबडा बटण तीनदा दाबलंय. तुमचो डबो म्हणता, सहा जण नोंदलेले, सहा जण हजर, खोटो इशारो देव नकात. मी खोटो बोलतंय काय गो?”

आमची यंत्रणा त्या म्हाताऱ्याला सांगत होती, की तुझ्या बोटीवरून कोणी पडूच शकत नाही, कारण जो पडला तो तुझा नव्हता.

“तू खंय आसंस आता?”

“थंयच. गोल फिरतंय. तेका सोडून मी येवचंय नाय.”

मी लोकरे सरांच्या टेबलापाशी गेले. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, ते खोटं नव्हतं. त्यांनी नकाशाकडे बोट केलं. “जहाज उत्तरेला अकरा जणांकडे चाललंय. ते एका माणसासाठी वळवायचं तर मला जागा हवी. तुझ्याकडे आहे?”

“नाही.”

“लाटेने नेल्याला किती वेळ झाला? प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेईल. कुठे पाठवू सांग.”

हेही बरोबर होतं. त्या माणसाचं सगळंच बरोबर असायचं, आणि माझा भाऊ पाण्यात होता.

मी पडद्याकडे बघत उभी राहिले. आडबंदरच्या वीसेक बोटी अजून वाटेत होत्या, खोल समुद्रातून परतत होत्या, प्रवाहाच्या त्याच पट्ट्यातून. प्रत्येक बोटीवर एक डबा. सर्वेशचा पट्टा त्याचं नाव ओरडत असणार. मग ते कोणालाच कसं ऐकू येत नाही?

ऐकू येत होतं. डब्यांना सगळे पट्टे ऐकू येतात. पण बंदरात बोटी चिकटून उभ्या असतात आणि एकीच्या डब्याला दुसरीची माणसं ऐकू येऊन घोळ व्हायचा, म्हणून आम्हीच नियम घातला होता: नाव आपल्या बोटीचं नसेल तर टाकून दे. सर्वेशच्या जवळून एखादी बोट गेलीही असेल. तिच्या डब्याने त्याची हाक ऐकली असेल, आपला नाही म्हणून पुसून टाकली असेल, आणि बोट पुढे गेली असेल.

त्या क्षणी मला माझी चूक आणि लोकरे सरांची चूक एकदमच दिसली. मी म्हणत होते, प्रत्येक माणसाला वेगळं विचारा. ते म्हणत होते, फक्त बोटीला विचारा. आकाशातली खेप महाग आहे, हे खरंच. पण खेप एकदा घातली, की पिशवीत काय भरायचं ते आपल्या हातात असतं. पत्र जाड झालं म्हणून पोस्टमनाला दोनदा यावं लागत नाही. डब्याला एकदाच विचारायचं, पण आकडा विचारायचा नाही. तुला कोणाकोणाची नावं ऐकू येतात, किती लांबून आणि कुठल्या दिशेने, ते सगळं एकदम पाठव. आपला असो की परका. खेपा तेवढ्याच, दोन हजार. आणि एक माणूस दोन डब्यांना ऐकू आला, की दोन दिशा जिथे एकमेकींना छेदतील तिथे तो.

बदल फक्त चार ओळींचा होता. मी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले.

“काय करतेयस?” लोकरे सर मागे येऊन उभे राहिले.

मी सांगितलं. त्यांना ते माझं वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं, एवढा तो हुशार माणूस. त्यांच्या डोळ्यांत एक क्षण कौतुकही दिसलं. मग ते म्हणाले, “नाही. वादळ चालू असताना डब्यांना नवा आदेश जात नाही. हा नियम मी उगाच केलेला नाही. आदेश घेतला की डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो. नाही सुरू झाला तर? वीस बोटी आंधळ्या होतील. सव्वाशे माणसं. एकासाठी?”

“त्यांना विचारते.”

“कोणाला?”

“ज्यांचा जीव आहे त्यांना.”

“हेमांगी, ते तुझ्या गावचे आहेत, तुला नाही म्हणणार नाहीत. हे विचारणं नव्हे. यंत्रणेत शिरायचं तुझं कार्ड मी बंद करायला सांगतोय.” आणि ते खरोखरच फोनकडे वळले.

मी वायरलेस उचलला. “आडबंदरच्या बोटींनो, मी हेमा, सदा कोयंड्याचा चेडू. सर्वेश पाण्यात आसा. तुमचे डबे परक्या माणसांचे पट्टे आयकतत, पण टाकून देतत. मी तो नियम बदलतंय. डबो दीड मिनिट बंद पडतलो. कदाचित परत चालू होवचो नाय, मगे तुमका वाट दाखवक कोण नाय. माझो भाव आसा म्हणान होय म्हणा नकात. ज्येका पटता त्येनाच होय म्हणा.”

मग एक आवाज आला, “घाल गो.” मग दुसरा. मग कोणीतरी ओरडलं, “तुझ्या डब्याच्या आधी आमचो बापूस दर्यात जाय होतो, घाल!” एकामागून एक होय येत गेले. एक तरुण आवाज म्हणाला, “माझ्या बोटीर नवी पोरां आसत ताय, पयलीच खेप त्यांची. माका नको.”

“बरा,” मी म्हणाले. “तुझ्या डब्याक हात लावणंय नाय.” त्याचा मला जराही राग आला नाही. उलट तो नाही म्हणाला म्हणून बाकीच्यांचं होय खरं होतं.

होय म्हणणाऱ्या बोटींना मी आदेश धाडला.

पडद्यावरचे पिवळे ठिपके एकेक करून राखाडी झाले. लोकरे सरांनी फोन कानाला तसाच धरला होता. मला नुसतं एवढंच वाटत होतं, की हे ठिपके परत आले नाहीत तर आडबंदरला मी तोंड दाखवणार नाही, आणि परत आले नाहीत तरी मी हेच केलं असतं.

पहिला ठिपका पिवळा झाला. मग तीन एकदम. मग बाकीचे. एक राखाडीच राहिला, तो शेवटपर्यंत आलाच नाही. त्या बोटीच्या तांडेलाने पुढच्या बोटीच्या मागावर राहून बोट आणली, आठही माणसांसकट. पण ते नंतर कळलं. तेव्हा तो राखाडी ठिपका माझ्या छातीत रुतला होता.

आणि मग नावं आली.

प्रत्येक बोटीचा एकच निरोप, पण आत नावांची रांग. कक्षातले सगळे उठून पडद्यापाशी आले. आडबंदरच्या कितीतरी बोटींवर दुसऱ्याच बोटींची माणसं होती. ह्याचा चुलता त्याच्या बोटीवर, त्याचा जावई तिसऱ्याच. अर्ध्या गावाचे हात उसने होते. आम्ही दिवसभर हिरवे आकडे बघून चहा पीत होतो आणि त्या आकड्यांखाली कोण होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

“कोयंडे, सर्वेश,” माझ्या शेजारचा मुलगा ओरडला. दोन बोटींना ऐकू आला होता. पास्कू फिरत होता त्याच्या बराच दक्षिणेला. पट्टा ओला, अंग गार, नाडी चालू.

दोन्ही बोटींतली जवळची होती गजा तारीची. मी जागा सांगितली. लगेच त्याचा ठिपका वळलेला दिसला. मग किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी वायरलेस खरखरला, “घेतलो तेका. जितो आसा. खारा पानी ओकता आणि शिव्या घालता.”

मी खुर्चीवर बसून मोठमोठ्याने रडले. लाज वाटली नाही. दर्शनाला फोन लावला, तिला काही सांगता येईना, तर तीच पलीकडून म्हणाली, “कळला माका, कळला,” आणि तीही रडायला लागली.

लोकरे सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सापडला,” ते म्हणाले. “आता तो नवा नियम मागे घे. अजून बोटी यायच्यात. बंदरात शिरल्या की सगळ्यांना सगळे ऐकू येतील आणि पडदा नुसता बरबटून जाईल. तुझा भाऊ मिळाला ना?”

मी डोळे पुसून नियम मागे घ्यायला वळलेही होते. मग पडद्यावर एक नाव दिसलं.

घर्ती, भीमलाल. दोन बोटींना ऐकू येत होता, अगदी लांबून. त्याच्या आसपास दुसरं एकही नाव नव्हतं. पट्टा ओला. आणि जुन्या नोंदीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: सुखरूप, बंदरात.

आमच्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी पुष्कळ असतात. हा त्यांतला एक. त्याच्या तांडेलाला फोन केला. तो म्हणाला, “भीमलाल? तेका हात दिल्लो. तो थंयच आसतलो.” ज्या तांडेलाला हात दिला होता त्याला फोन केला. तो म्हणाला, “वारो सुटल्यार तेका एकट्याक होडीतसून परत धाडलो. तो आपल्या बोटीर गेलो.” दोघंही घरी चहा पीत होते आणि दोघांनाही खात्री होती, की तो दुसऱ्याच्या बोटीवर आहे. त्याच्यासाठी कोणाच्या बायकोचा फोन येणार नव्हता. ती डोंगरातल्या कुठल्यातरी गावात होती, आणि तिलाही आमचा निरोप गेला असणार.

“सर,” मी म्हणाले, “नियम मागे घेत नाही.”

“हेमांगी—”

“नाही घेत.”

तेवढ्यात माझा पडदा काळा झाला. कार्ड बंद झालं होतं. फोनवरच्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं, फक्त उशिरा. पण जागा मी वाचलेली होती, आणि वायरलेसला कार्ड लागत नाही.

“पास्कूकाका,” मी हाक मारली. “सर्वेश मिळालो. पण अजून एक जण पाण्यात आसा. तुझ्यापासून उत्तरेक.”

“कोणाच्या बोटीचो?” त्याने विचारलं.

“ता विचारू नको,” मी ओरडले. “माणूस आसा!”

मग पास्कू आपल्या खलाशांवर खेकसल्याचं ऐकू आलं, “वळवा!”

लोकरे सर माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि वायरलेस धरून बसले, पास्कूने “घेतलो” म्हणेपर्यंत.

पंधरा दिवसांनी चौकशी समिती बसली. अध्यक्षबाई मुंबईहून आल्या होत्या, बोलायला गोड. लोकरे सरांनी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, एका बोटीचा डबा बंद पडला हेही. त्यात खोटं काही नव्हतं. मग बाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. भावाच्या जिवाच्या काळजीने भावनेच्या भरात माझ्याकडून नियम मोडला गेला, याबद्दल दिलगीर आहे, असा मजकूर. खाली सही केली की नोकरी शाबूत, डबे पुन्हा पहिल्यासारखे. आडबंदरच्या तांडेलांनी डब्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता, तेही मीच त्यांना समजवायचं.

“आम्ही समजू शकतो,” बाई म्हणाल्या. “सख्खा भाऊ होता.”

“पहिल्यांदा भावासाठी मोडला, खरं आहे,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदा मोडला तेव्हा भाऊ बोटीत बसून शिव्या घालत होता. तेव्हा मी अगदी भानावर होते. तेव्हा दिलगिरी कशाची?”

“पण यंत्रणा म्हटली की काहीतरी एकक धरावंच लागतं, हेमांगी,” लोकरे सर हळूच म्हणाले. “तू प्रत्येक वेळी प्रत्येकाला मोजू शकत नाहीस.”

“मोजलं की, सर. तुमच्याच दोन मिनिटांत.”

मी कागद बाईंकडे परत सरकवला.

“सही करत नाही,” मी म्हणाले. “नोकरी घ्यायची तर घ्या. पण जुना नियम परत बसवायचा असेल, तर माझ्याबरोबर आडबंदरला चला. भीमलाल घर्ती आता पास्कूच्या बोटीवर असतो. त्याला समोर बसवा आणि त्याच्या तोंडावर सांगा, की त्या दुपारी तू पाण्यात नव्हतास, सुखरूप बंदरात होतास. मराठीतच सांगा. त्याला सगळं समजतं.”